उरमोडीचा एक फोटो आणि त्याची पाच रूपं

सज्जनगडावरून पश्चिमेकडे तोंड करून काढलेला संध्याकाळचा फोटो साताऱ्यातल्या कितीतरी मोबाइलांत सापडेल. खाली उरमोडी धरणाचं पाणी, पलीकडे एकामागे एक उभ्या डोंगररांगा, डाव्या हाताला पठारावरच्या पवनचक्क्या आणि त्यांच्या अंगाला कललेला सूर्य. गडावर हे बघताना माणूस गप्प होतो. घरी येऊन तोच फोटो मोठा करून बघितला की म्हणतो, "छे, असं नव्हतं हे." आकाश पांढरंफटक, दरी काळीठिक्कर, डोंगर धुरकट. मग हात एखाद्या तयार फिल्टरकडे जातो आणि दोन सेकंदांत उरमोडीचं पाणी मालदीवचं होऊन जातं.

हाच फोटो इथे उदाहरणाला घेतो, कारण निसर्गचित्र एडिट करताना येणाऱ्या बहुतेक अडचणी त्यात एकत्र नांदतात. उजेड समोरून येतोय, हवा धूसर आहे, पाणी चमकतंय, गवत निम्मं हिरवं निम्मं सोनेरी आहे आणि माणसाने उभी केलेली एक वस्तू चौकटीत आहे, जी काहींना हवी असते, काहींना नको. समजा, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा आहे, पाऊस नुकताच सरलाय, सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळेल आणि तुम्ही पावणेसहाला बटण दाबलंय. या एका फाइलची निदान पाच वेगळी चित्रं होतात आणि पाचही खरी असू शकतात. पण त्यातलं कोणतं करायचं, हे स्लायडरला हात लावण्याआधी ठरवा. थोडं हे, थोडं ते करत गेलात तर शेवटी डोंगर, पाणी, आकाश सगळेच एकदम बोलायला लागतात आणि कुणाचंच ऐकू येत नाही.

आधी फाइलबद्दल. जमेल तेव्हा रॉमध्ये काढा. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या 256 पायऱ्या असतात. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये 16,384. उजळ आकाश बघताना हा फरक कळतही नाही. तो कळतो गडाच्या पायथ्याची काळी झाडी उजळवायला गेल्यावर. रॉमधून पानं बाहेर येतात, जेपीईजीतून नुसते चट्टे. आता बऱ्याच मोबाइलांतही प्रो मोडमध्ये रॉ मिळतं, ते चालू करून ठेवा. "मी फोटोला हात लावत नाही, आहे तसाच टाकतो," असं अभिमानाने सांगणारे भेटतात. त्यांच्या फोनने एका दाबात अनेक फ्रेम घेऊन, त्या जोडून, आकाश निळं आणि गवत हिरवं करून झालेलं असतं. हात लागलेलाच असतो. तो फोन कंपनीच्या इंजिनिअरचा असतो, एवढंच.

साधनांवर फार खर्च करायची गरज नाही. मोबाइलवर स्नॅपसीड फुकट आहे, कॉम्प्युटरवर डार्कटेबल फुकट आहे, लाइटरूम पैसे देऊन मिळतं. लाइटरूममध्ये 'व्हर्च्युअल कॉपी' आणि डार्कटेबलमध्ये 'डुप्लिकेट' अशी सोय असते. मूळ फाइल एकच राहते आणि तिच्यावरचे पाच वेगवेगळे संस्कार शेजारी शेजारी ठेवता येतात. पुढचं सगळं याच सोयीवर चालणार आहे.

डोळ्यांना दिसलं तसं

पहिलं रूप सर्वांत साधं वाटतं, पण करायला तेच सर्वांत अवघड. डोळा आकाशाकडे बघतो तेव्हा आकाशाला जुळवून घेतो, दरीकडे वळला की दरीला. कॅमेऱ्याला एकाच क्षणी दोन्ही सांभाळावं लागतं आणि ते त्याला जमत नाही. त्यामुळे इथे आपलं काम, कॅमेऱ्याने जे ताणून ठेवलंय ते सैल करण्याचं.

सुरुवात व्हाइट बॅलन्सपासून करा आणि ते 'ऑटो'वर सोडू नका. संध्याकाळचा पिवळेपणा सॉफ्टवेअरला बिघाड वाटतो. तो काढून ते दुपारी तीनचा उजेड करून ठेवतं. 5200 ते 5500 केल्व्हिनच्या दरम्यान, म्हणजे 'डेलाइट'च्या आसपास ठेवलं की कलत्या उन्हाचा रंग जागेवर राहतो. मग हायलाइट्स खाली आणा, सूर्याभोवतीच्या ढगांच्या कडा दिसू लागेपर्यंत. सूर्याची चकती पांढरीच राहू द्या. ती ओढून ओढून राखाडी केलेले फोटो मी इतके बघितलेत की आता हसू येतं. आकाशात चिकटवलेलं मळकं नाणं दिसतं ते. शॅडोज वर न्या, पण झाड झाडापासून वेगळं कळेल इतक्याच. त्यापुढे एक पाऊलही नको.

कुठे थांबायचं याला एक पक्की खूण आहे. या दृश्यात उजेडाचा उगम आकाश आहे, त्यामुळे दरी आकाशापेक्षा उजळ असूच शकत नाही. तसंच पाण्यात उतरलेलं आकाश वरच्या आकाशापेक्षा जरा काळपटच असतं, कारण पाणी सगळाच उजेड परत पाठवत नाही. तुमच्या एडिटमध्ये उरमोडीचं पाणी वरच्या आकाशाहून जास्त चमकायला लागलं, तर बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी चुकलंय हे त्याला कळेल.

आकाशावर वरून खाली उतरणारा मास्क टाकला, ज्याला लिनिअर ग्रेडिएंट म्हणतात, तर तो पठारावर आणि पवनचक्क्यांच्या खांबांवरही सांडतो. त्या मास्कमधून काळपट भाग वजा करता येतो, तेवढा वजा करा. मग फोटो शंभर टक्के मोठा करून डोंगराच्या धारेवरून नजर फिरवा. धारेला लागून पांढरी किनार दिसली, तर कुठलातरी स्लायडर जादा झालाय. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर ही किनार दिसत नाही. प्रिंट काढल्यावर मात्र दुसरं काही दिसत नाही.

तीन एक्स्पोजर घेऊन ती जोडायची पद्धतही आहे. इथे एक अडचण लक्षात ठेवा. पवनचक्कीची पाती फिरत असतात. तीन फ्रेममध्ये तीन ठिकाणी असलेली पाती जोडल्यावर एका खांबावर नऊ-नऊ फिकट पाती फुटतात. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये 'डीघोस्ट' म्हणून सोय असते, ती वापरा. नाहीतर सरळ एकाच रॉ फाइलवर काम करा.

धूसर ते धूसरच

दुसऱ्या रूपात लक्ष मागच्या डोंगरांवर. जवळचा डोंगर गडद हिरवा, त्यामागचा करडा-निळा, त्यामागचा फिकट निळा आणि शेवटचा जवळजवळ आकाशात विरलेला. हवेतले कण निळा उजेड जास्त विखरतात आणि आपल्यामध्ये नि डोंगरामध्ये जितकी जास्त हवा, तितका तो फिकट आणि निळसर दिसतो. सपाट कागदावर पाच मैलांचं अंतर दाखवायला फोटोग्राफरकडे याहून चांगलं साधन नाही.

आणि नेमकं तेच साधन आपण 'डीहेझ' नावाच्या स्लायडरने पुसून टाकतो. 2015 मध्ये तो लाइटरूममध्ये आला आणि तेव्हापासून सह्याद्रीच्या फोटोंतली हवाच गेली. सगळ्या रांगा सारख्याच काळ्या, सारख्याच कडक, एकाच पत्र्यातून कापून उभ्या केल्यासारख्या. या रूपात उलटं करून बघा. मागच्या रांगांवर मास्क टाकून डीहेझ शून्याच्याही खाली, उणे आठ-दहापर्यंत न्या. कॉन्ट्रास्ट फक्त पुढच्या कड्यावर आणि गवतावर वाढवा. व्हाइट बॅलन्स किंचित थंड ठेवा. सूर्य चौकटीबाहेर जाईल असं, उजवीकडचा भाग ठेवून क्रॉप करा. उरेल ते शांत चित्र असेल: खाली पाण्याची एक पट्टी आणि वर वर फिकट होत जाणाऱ्या चार-पाच रेघा.

मागच्या डोंगराला किती कमी रंग पुरतो, हे शिकायला चित्रकारांकडे जावं. आपल्याच जिल्ह्यात औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेलं भवानी संग्रहालय आहे. राजा स्वतः चित्रकार होता, संग्रहही तसाच नजरेने केलेला. लोक रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प बघून बाहेर पडतात. तुम्ही एक दुपार चित्रांमधल्या माणसांकडे दुर्लक्ष करून फक्त पार्श्वभूमी बघा. कुठला रंग कुठे पातळ केलाय, कुठे नुसता सोडून दिलाय, ते पाहा. एडिटिंगच्या दहा व्हिडिओंत हे सापडणार नाही.

रंग काढून

तिसरं रूप काळं-पांढरं. ते 'सॅच्युरेशन शून्य' करून होत नाही. तसं केलं की नुसता राखाडी फोटो मिळतो. सॉफ्टवेअरच्या ब्लॅक अँड व्हाइट विभागात प्रत्येक रंगासाठी वेगळा स्लायडर असतो आणि खरी मजा तिथे आहे. आपल्या फोटोत सूर्याजवळचं आकाश नारिंगी, धुकं निळं आणि गवत पिवळं आहे. निळा स्लायडर वर नेला की धुकं पांढरं होऊन पसरतं, खाली आणला की रांगा गडद होऊन वेगळ्या दिसतात. पिवळा वर नेला की कड्यावरचं वाळत आलेलं गवत जणू आतून पेटतं. फिल्मच्या काळात हेच काम भिंगावर लाल किंवा निळी काच लावून व्हायचं. फरक इतकाच की तेव्हा निर्णय गडावरच घ्यावा लागे.

एकाच निगेटिव्हची रूपं आयुष्यभर कशी बदलत जातात, याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अॅन्सेल अॅडम्सचं. 1941 मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेला चंद्र त्याने टिपला. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात फिकट ढगांच्या रेषा दिसतात. पुढच्या दशकांत तो तीच निगेटिव्ह पुन्हा पुन्हा छापत गेला आणि आकाश काळं काळं होत गेलं, इतकं की शेवटी चंद्राभोवती जवळजवळ फक्त काळोख उरला. दृश्य तेच, माणूस तोच, निर्णय वेगळे. तेव्हा पहिल्या वर्षी केलेलं एडिट पाच वर्षांनी आवडेनासं झालं तर वाईट वाटून घेऊ नका. मूळ फाइल मात्र जपून ठेवा.

चौथं रूप पटकन होतं. सगळी दरी कापून टाका. पठाराची धार, सूर्य आणि तीन-चार पवनचक्क्या एवढीच आडवी पट्टी ठेवा. एक्स्पोजर एका स्टॉपने खाली आणा, शॅडोज पूर्ण मिटू द्या. समोरून उजेड असल्यामुळे पांढऱ्या पवनचक्क्या काळ्या आकृत्या होतात. या चित्रात सातारा ओळखू येत नाही, ते गुजरातेतलंही असू शकतं आणि स्पेनमधलंही. त्यामुळे मला ते फारसं आवडत नाही. पण पोस्टरवर, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, जिथे वर अक्षरं टाकायची आहेत तिथे हेच लागतं. क्रॉप हेही एडिटिंगच आहे, आणि बहुतेक वेळा सर्वांत मोठं.

पाचवं रूप वर्तमानपत्रासाठी किंवा एखाद्या अहवालासाठी. समजा, धरण भरल्याची बातमी आहे. तिथे संध्याकाळचा मूड कामाचा नाही. पाणी कुठपर्यंत आलंय, काठावर काय बुडालंय, हे दिसायला हवं. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो आणि गडद भाग छापताना आणखी गडद होतो. त्यामुळे इथे शॅडोज पहिल्या रूपापेक्षा बऱ्याच जास्त उचलाव्या लागतात. पडद्यावर फोटो जरा धुतल्यासारखा वाटतो, छापून आल्यावर बरोबर दिसतो. रंगांना हात जवळजवळ लावायचाच नाही. दरी उजळ नसते हा मघाचा नियम इथे थोडा वाकवला, कारण हे चित्र माहितीसाठी आहे आणि वाचकाला ते तसंच समजतं.

सांगलीला गेल्यावर

या पाचांपैकी एखादं जमलं की माणूस त्याचा प्रीसेट करून ठेवतो आणि मग तो दिसेल त्या फोटोवर ओततो. कांदा-लसूण मसाला कितीही फक्कड असला तरी बासुंदीत घालत नाहीत, पण प्रीसेटच्या बाबतीत हे तारतम्य सुटतं.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे शेजारी शेजारी असले तरी उजेडाच्या दृष्टीने ते चार-पाच वेगवेगळे मुलूख आहेत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर माण आणि जतकडे पाचशेच्या आसपास. पश्चिमेकडे जांभा दगडाचे सडे आणि ओली लाल माती, कृष्णाकाठी काळी कसदार जमीन, पूर्वेकडे मुरमाड माळ. सज्जनगडाच्या फोटोवर केलेला प्रीसेट, ज्यात पिवळा रंग हिरव्याकडे ढकललाय आणि सावल्या निळ्या केल्यात, तो जतच्या माळरानावर टाकून बघा. वाळलेल्या गवताला शेवाळ आल्यासारखं दिसेल. जतचं सौंदर्य त्याच्या फिक्या, भाजलेल्या रंगांत आहे. तिथे सॅच्युरेशन कमी करावं लागतं, कॉन्ट्रास्टही. दुपारचं पांढरं ऊन पांढरंच दिसू द्यावं. ज्याने तिथला उन्हाळा काढलाय त्याला हिरवं जत दाखवलंत, तर तो फोटोकडे बघणार नाही, तुमच्याकडे बघेल.

हळदीचं आणखी वेगळं. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून शिजवून वाळत घातलेल्या हळदीचे फोटो भरपूर दिसतात. त्या बहुतेकांत हळद म्हणजे पिवळ्या रंगाचा सपाट ठिपका असतो. कारण असं: पिवळा रंग म्हणजे कॅमेऱ्याच्या भाषेत लाल आणि हिरवा, दोन्ही जोरात. सॅच्युरेशन थोडंसं वाढवलं तरी ते दोन्ही टोकाला जाऊन भिडतात आणि मधला तपशील नाहीसा होतो. इथे हिस्टोग्रामचा एकत्रित आलेख पुरत नाही, लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दिसेल असा आलेख बघा. पिवळ्याचं सॅच्युरेशन दहा-पंधराने उतरवा, त्याची उजळता थोडी कमी करा. मग प्रत्येक हळकुंडावरच्या वळ्या दिसतील आणि पिवळा उलट जास्त पिवळा वाटेल.

कासच्या पठारावरही हेच घडतं, पण रंग तिथे गुलाबी-जांभळा. 2012 मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्या यादीत कास आहे. त्यानंतर तिथली गर्दी वाढली ती मुख्यतः फोटो बघून. फोटोत गुडघाभर उंच फुलांचा अखंड गालिचा दिसतो. प्रत्यक्षात सीतेची आसवं बोटभर उंचीची, तेरडाही फार तर वीतभर. कॅमेरा जमिनीलगत ठेवून लांब पल्ल्याच्या भिंगाने काढलं की विरळ फुलं एकमेकांवर येऊन दाट दिसतात. त्यात आणखी जांभळा रंग ओतला की लोक सप्टेंबरात येतात आणि "फोटोत होतं तसं काहीच नाही" म्हणत उभे राहतात. तेरड्याच्या फोटोत मॅजेंटा वाढवण्याऐवजी मागचा हिरवा थोडा मंद करून बघा. गुलाबी आपोआप उठतो आणि खोटाही होत नाही.

पुराचं पाणी

सांगलीत एका जागी मात्र पाचपैकी चार रूपं मी वर्ज्य मानतो. ती जागा म्हणजे पावसाळ्यातला आयर्विन पूल. 1929 मध्ये बांधलेल्या या पुलाशी कृष्णेची पातळी किती फूट आहे, यावर अर्धं शहर झोपतं किंवा जागं राहतं. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. 2005 चा, 2019 चा आणि 2021 चा पूर ज्यांच्या घरात शिरला, ते पुलाचा फोटो निसर्गचित्र म्हणून बघत नाहीत.

पुराच्या फोटोला सर्वांत मोठा धोका 'ऑटो' बटणाचा. चौकटभर तांबूस-तपकिरी पाणी असलं की सॉफ्टवेअरला वाटतं, फोटोवर रंगाचा थर चढलाय. ते तो काढतं आणि गढूळ पुराचं पाणी करडं, कधी तर निळसर होऊन बसतं. हरिपूरला, जिथे वारणा कृष्णेला मिळते, तिथे दोन नद्यांच्या पाण्याची रंगछटा कधीकधी वेगवेगळी दिसते. ऑटोने ती सीमारेषाच पुसली जाऊ शकते. म्हणून व्हाइट बॅलन्स हाताने ठरवा. फोटोत घाटाचा दगड असेल, एखादी पांढरी भिंत किंवा सदरा असेल, तर त्यावरून ठरवा. पाण्यावरून कधीच नाही.

दुसरा धोका क्रॉपचा. पलीकडचा काठ कापून टाकला की नदीचा समुद्र होतो. पुलावरच्या पट्टीचे आकडे कापले की पाणी किती आहे, हे कुणालाच सांगता येत नाही आणि मग गेल्या वेळचा फोटो या वेळचा म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरायला मोकळा होतो. पुराच्या फोटोत काठ, पायऱ्या, खांब, काहीतरी ओळखीचं माप ठेवा. फाइलमधली तारीख-वेळ पुसू नका. मथळ्यातही ती लिहा.

वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेने 2015 मध्ये शेवटच्या टप्प्यांपर्यंत पोचलेल्या छायाचित्रांपैकी सुमारे एक पंचमांश बाद केली, ती एडिटिंगमधल्या हस्तक्षेपांमुळे. काहींनी किरकोळ वस्तू पुसल्या होत्या, काहींनी सावल्या इतक्या काळ्या केल्या होत्या की त्यात असलेलं काही दिसेनासं झालं. या दुसऱ्या प्रकाराकडे लक्ष द्या. वस्तू पुसायला ब्रशच लागतो असं नाही, काळा स्लायडरही पुरतो.

पवनचक्क्या ठेवायच्या की काढायच्या?

पुन्हा सज्जनगडावर. गडाच्या फोटोत पवनचक्क्या नकोत, असं वाटणारे पुष्कळ आहेत आणि आता त्या एका टिचकीत जातात. मोबाइलवरच बोट फिरवलं की पठार मोकळं. माझं मत: हा फोटो 'सज्जनगडावरून दिसणारं दृश्य' म्हणून कुणाला दाखवणार असाल तर काढू नका. गेल्या पंचवीसेक वर्षांत त्या या डोंगरांचा भाग झाल्यात, कुणाला आवडो न आवडो. चित्र म्हणून, कलाकृती म्हणून करत असाल आणि तसं उघड सांगत असाल, तर जरूर काढा. आंद्रेआस गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराने 1999 मध्ये ऱ्हाईन नदीच्या फोटोतून पलीकडची इमारत आणि माणसं डिजिटल पद्धतीने काढून टाकली. गवत, पाणी, गवत, आकाश एवढेच आडवे पट्टे उरले. 2011 मध्ये ते चित्र 43 लाख डॉलरला विकलं गेलं. त्याने ते लपवलं नव्हतं. प्रश्न पुसण्याचा नाही, सांगण्याचा आहे.

आकाश बदलण्याबद्दल मात्र मी इतका उदार नाही. 2020 मध्ये फोटोशॉपने ही सोय एका बटणावर आणली. तेव्हापासून साताऱ्यावर कुठकुठली आकाशं येऊन गेली. ही लबाडी पकडणंही सोपं असतं. नव्या आकाशात सूर्य उजवीकडे आणि कड्यावरच्या गवतावर उजेड डावीकडून. वर जांभळे ढग आणि खाली पाण्यात मघाचंच फिकं नारिंगी. ऑक्टोबरात सूर्य पश्चिमेच्या थोडा दक्षिणेला मावळतो, म्हणजे गडावरून पश्चिमेला तोंड केल्यावर डाव्या हाताला. स्थानिक माणूस हे गणित करत बसत नाही, त्याला ते नुसतं माहीत असतं. स्पर्धेला फोटो पाठवणार असाल तर नियमावली आधी वाचा. बऱ्याच ठिकाणी मूळ रॉ फाइल मागतात आणि त्या मागणीपुढे उसनं आकाश टिकत नाही.

सरावासाठी एक सुचवतो. पाचही रूपं करून झाली की फाइल बंद करा आणि आठवडाभर उघडू नका. मग पाचही एका पडद्यावर लावा आणि घरातल्या अशा कुणाला तरी दाखवा ज्यांना फोटोग्राफीतलं काही कळत नाही, पण ज्यांनी तो डोंगर बघितलाय. "कुठला छान?" असं विचारू नका, सगळेजण भडक तोच निवडतात. "किती वाजले असतील?" असं विचारा. पहिल्या रूपाला उत्तर 'संध्याकाळचे पाच-सहा' आलं तर काम झालं. 'दुपार' आलं तर व्हाइट बॅलन्सकडे परत जा.

शेवटी प्रिंट. पडद्यावर खूप फोटो पडून राहतात. वर्षातून एखादा तरी कागदावर आणा. 12 बाय 18 इंचाच्या प्रिंटला 300 डीपीआयने 3600 बाय 5400 पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण दोन कोटी. जास्त क्रॉप केलं असेल तर तेवढे उरत नाहीत, आधी तपासा. एडिट करताना पडद्याचा उजेड निम्म्यावर आणा, कारण लख्ख पडद्यावर बरोबर वाटणारा फोटो कागदावर काळवंडून येतो. रंगांसाठी एसआरजीबी ठेवा, बहुतेक लॅब तेच धरून चालतात. धूसर डोंगरांच्या रूपाला मॅट कागद घ्या, काळ्या-पांढऱ्यालाही मॅटच. चकचकीत कागदावर काळ्या भागात ट्यूबलाइट दिसते. मोठी प्रिंट काढण्याआधी त्याच फाइलची चार बाय सहाची एक काढून बघा आणि ती खिडकीशी, दिवसाच्या उजेडात धरून बघा. आणि फाइल देताना लॅबवाल्याला तोंडी सांगा, "दादा, मशीनवरचं ऑटो करेक्शन बंद ठेवा." न सांगितलं तर बऱ्याच लॅबमध्ये ते चालूच असतं, आणि तासभर खपून तुम्ही राखलेलं धुकं ते दोन सेकंदांत साफ करून टाकतं.